फ्रान्स हाल्स: हार्लेमच्या फौजी अधिकाऱ्यांचा चित्रकार आणि अॅमस्टरडॅमला अर्धी सोडलेली कंपनी

कुंचला

बारोक काळातलं पोर्ट्रेट असा विषय निघाला की आपल्याकडे गाडी थेट रेम्ब्रांटवर जाते आणि तिथंच थांबते. रेम्ब्रांट मोठा आहेच, वाद नाही. पण त्याच्याहून वीस-पंचवीस वर्षांनी मोठा, नेदरलँड्समधल्या अॅमस्टरडॅमपासून जेमतेम वीस किलोमीटरवरच्या हार्लेममध्ये सगळं आयुष्य काढलेला फ्रान्स हाल्स मला त्याच्याइतकाच जवळचा वाटतो, आणि फौजी अधिकाऱ्याचं चित्र म्हणाल तर माझा पहिला नंबर हाल्सलाच. बरेच दिवस मनात होतं, आज बसून लिहितोय.

हाल्स मूळचा अँटवर्पचा, जन्म १५८२ किंवा ८३चा. वडील कापडाच्या धंद्यातले कारागीर. १५८५ मध्ये अँटवर्प स्पॅनिश फौजेच्या हाती पडलं आणि तिथून हजारो लोक उत्तरेकडे निघून गेले, त्यात हे पण कुटुंब. हार्लेमला कापड आणि बिअर दोन्ही धंदे तेजीत, तिथं ते स्थिरावले. पोरगा चित्रकला शिकला कारेल फान मांडरकडे. या फान मांडरनं १६०४ साली चित्रकारांच्या चरित्रांचा मोठा ग्रंथ काढला, त्यात हाल्सचं नाव नाही, कारण तेव्हा दाखवण्यासारखं त्याच्या हातून काही झालंच नव्हतं. गिल्डमध्ये, म्हणजे चित्रकारांच्या व्यावसायिक संघात, तो दाखल झाला १६१० साली, म्हणजे सत्ताविशी-अठ्ठाविशीत, त्या काळाच्या मानानं उशिराच.

आणि मग १६१६ साली एकदम ते मोठं चित्र येतं, सेंट जॉर्ज दलाच्या अधिकाऱ्यांची मेजवानी. हे दल म्हणजे शहराचं स्वतःचं राखण करणारं दल, गावातल्याच नागरिकांचं. स्पेनविरुद्धच्या बंडात १५७२-७३ साली हार्लेमला सात महिने वेढा पडला होता, तेव्हा तटावर हेच लोक लढले, शेवटी शहर पडलं आणि भयंकर कत्तल झाली. ती आठवण गावात जिवंत होती, त्यामुळे दलाचा अधिकारी होणं ही फार मानाची गोष्ट. अधिकाऱ्यांची मुदत तीन वर्षांची, मुदत संपली की मोठी मेजवानी, आणि कधीकधी दलाच्या हॉलमध्ये लावायला सगळ्यांचं एकत्र चित्र.

हाल्सच्या आधी अशी चित्रं कॉर्नेलिस फान हार्लेमनं केली होती, १५८३ आणि १५९९ साली. चांगली आहेत, पण माणसं टेबलाभोवती दाटीवाटीनं कोंबल्यासारखी, जागेसाठी भांडत असल्यासारखी वाटतात. हाल्सनं टेबल तेच ठेवलं, शेले तेच ठेवले, पण सगळ्यांना असं बसवलं की आपण दार उघडून आत आलोय आणि अर्ध्या लोकांनी मान वळवून आपल्याकडे बघितलंय, उरलेल्यांना अजून पत्ता नाही, ते गप्पांत आहेत. १६२७च्या चित्रात तर मिशिएल दे वाल नावाचा कॅप्टन आहे, त्यानं रिकामा ग्लास हातात उलटा धरलाय, आणि नजर आपल्यावर. फौजी माणसाचं चित्र म्हणजे हात कमरेवर, तलवार पुढं, असं ठरलेलं असताना एका कॅप्टनला रिकाम्या ग्लाससकट कायमचं भिंतीवर लावायचं, आणि तरी तो माणूस अधिकारीच दिसतो, मान कुठं कमी होत नाही!

माझ्या मते यामागं एक साधं कारण आहे. हाल्स स्वतः १६१२पासून याच सेंट जॉर्ज दलात होता. ज्यांना तो रंगवत होता ते त्याचे गाववाले, वरिष्ठ, काही गिऱ्हाईक. कोण जोरात हसतो, कोण उगाच ताठ बसतो, कोण दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून बोलतो हे त्याला आधीच ठाऊक. १६३९च्या चित्रात मागच्या रांगेत डावीकडे तो स्वतःच उभा आहे असंही मानतात. एकूण पाच अशी चित्रं त्यानं हार्लेमसाठी केली, १६१६, १६२७ची दोन, १६३३ आणि १६३९. पाचही आज तिथल्या फ्रान्स हाल्स म्युझियममध्ये आहेत.

आता सहावं चित्र. १६३३ साली अॅमस्टरडॅमच्या अशाच शहरी दलाच्या एका तुकडीनं, तिला कंपनी म्हणत, कॅप्टन राइनिर रेआल आणि लेफ्टनंट कॉर्नेलिस मिखिल्स ब्लाऊ यांच्या कंपनीनं, हाल्सला बोलावलं. अॅमस्टरडॅममध्ये चित्रकारांची काय कमी होती? तरी बाहेरगावच्या माणसाला काम दिलं, यावरून त्याचं नाव किती झालं होतं ते कळतं. सोळा माणसं, सगळी पायापर्यंत पूर्ण उभी, कॅनव्हास सव्वाचार मीटरहून लांब. काम सुरू झालं आणि रखडलं. १६३६ साली प्रकरण नोटरीपर्यंत गेलं आणि ते कागद टिकलेत म्हणून आपल्याला सगळं माहीत आहे. कंपनीचं म्हणणं, दहा दिवसांत येऊन काम पुरं कर. हाल्स म्हणतो मी आजारी आहे, शिवाय बोलणं असं झालं होतं की चेहरे तिकडे सुरू करायचे आणि बाकी काम हार्लेमला घरी पुरं करायचं, अॅमस्टरडॅमला खानावळीत राहून माझा खर्च होतोय. कंपनी म्हणते आधी माणशी ६० गिल्डर (तेव्हाचं डच नाणं) ठरले होते, तू यावंस म्हणून ६६ केले, आता आणखी काय? शेवटी हाल्स म्हणाला कॅनव्हास हार्लेमला पाठवा, कपडे पुरे करतो, मग चेहऱ्यांसाठी येतो. त्यांनी ऐकलं नाही. काम काढून पीटर कॉडे नावाच्या अॅमस्टरडॅमच्या चित्रकाराला दिलं, त्यानं १६३७ साली पुरं केलं.

आज ते अॅमस्टरडॅमच्या राइक्समुझियममध्ये आहे. १७५८ साली कुणीतरी लिहून ठेवलं की ही माणसं इतकी सुकलेली आणि बारीक आहेत की हिला रोडकी कंपनीच म्हणावं, तेव्हापासून तेच नाव पडलं. डावीकडं निशाण घेतलेला तरुण आहे, रुपेरी करड्या साटीनमध्ये, तो पूर्ण हाल्सचा. उजवीकडं जाता जाता हात बदललेला साध्या डोळ्यांना दिसतो.

तर चर्चेचा प्रश्न. हाल्सनं हे काम का सोडलं? मला वाटतं परक्या माणसांना, परक्या गावात, मुक्काम करून रंगवणं हे त्याच्या कामाच्या पद्धतीतच बसत नव्हतं. तुम्हाला काय वाटतं?

पिवळी शेवंती

फार सुंदर लिहिलंय, वाचनखूण साठवली आहे. मला चित्रकलेतलं काही कळत नाही पण एक विचारते, हे लोक खरे सैनिक होते की नुसते हौसेचे? म्हणजे बिअरचे कारखानदार शेला बांधून बसलेत असंच ना? मग याला फौजी अधिकाऱ्याचं चित्र म्हणायचं का?

हार्लेमकर

शेवंतीताई, दोन्ही खरं आहे. मी नोकरीनिमित्त इकडेच राहतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लढाईसाठी पगारी सैन्य वेगळं होतं, मॉरिस आणि नंतर फ्रेडरिक हेन्ड्रिक या राजपुत्रांच्या हाताखालचं. शहराचं दल रात्रीची गस्त, वेशींचं रक्षण, दंगा झाला तर बंदोबस्त, असं काम करायचं. अधिकारी मात्र गावातले बडे लोकच, बिअरवाले, कापडवाले, नगरपालिकेत वजन असलेले. स्पेनशी बारा वर्षांचा तह होता तो १६२१ला संपला आणि पुन्हा युद्ध सुरू झालं, तेव्हा शहरांच्या दलांनाही सीमेवरच्या ठाण्यांवर जावं लागलेलं आहे. म्हणजे शेला नुसता शोभेचा नव्हता.

आता मेजवानीचं. या मेजवान्या इतक्या लांबायच्या की १६२१ साली हार्लेमच्या पालिकेला नियम करावा लागला, तीन दिवस, फार तर चार, त्याच्यावर नाही. खर्च शहराच्या तिजोरीतून व्हायचा ना!

चित्रात कोण कुठं बसलंय ते पण हाल्सच्या मर्जीवर नव्हतं. कर्नल मानाच्या जागी, मग कॅप्टन, लेफ्टनंट. निशाणवाले बहुतेक उभे असतात आणि सगळ्यात भारी कपडे त्यांचेच, कारण निशाणवाला अविवाहित तरुणच असावा लागे, लग्न झालं की ते पद सोडायचं. आता पुन्हा १६१६चं चित्र काढून बघा, तरणी नटलेली पोरं कोण आणि खुर्चीतले वयस्कर कोण, लगेच उलगडा होतो. इतके नियम सांभाळून त्यानं ती माणसं बोलती केली, ही त्याची खरी कमाई.

जुनाट लेन्स

कुंचला, लेख झकास. मी पोर्ट्रेट फोटोग्राफी करतो त्यामुळे मला हाल्सबद्दल एकाच गोष्टीचं वेड आहे, ते म्हणजे हात. माणसाच्या हाताचा फोटो चांगला येणं किती अवघड असतं ते आमच्या धंद्यातल्याला विचारा, गिऱ्हाईकाला हात कुठं ठेवू हेच कळत नाही. हाल्सचे हात झूम करून बघा, बोटं वेगळी काढलेलीच नाहीत, ओल्या रंगात ओला रंग असे पाच-सहा फटकारे आहेत, गुलाबी, करडा, थोडा तपकिरी, आणि एक पांढरा ठिपका नखावर. जवळून नुसता चिखल. दोन पावलं मागं या आणि तो हात हातमोजा धरतो!

आणि कॉलर. त्या काळच्या चुणीदार कॉलरीला दुसरे चित्रकार एकेक चुणी मोजून काढायचे. हाल्स करड्यावर पांढऱ्याचे तिरके फटके मारतो, त्यातून स्टार्च केलेलं कापड कडक उभं राहतं, आणि लेसच्या जागी तर उलटं, पांढऱ्यावर काळे ठिपके देऊन भोकं पाडलीत. काळ्या कपड्यांचं तर विचारूच नका. व्हॅन गॉगनं भावाला लिहिलेल्या पत्रात हाल्सकडं सत्तावीस तऱ्हेचे काळे आहेत असं म्हटलंय ते उगाच नाही.

त्याचं एकही ड्रॉइंग सापडलेलं नाही, पूर्वतयारीची रेखाटनं वगैरे काहीच नाही. बहुतेक थेट कॅनव्हासवरच उतरायचा. म्हणून मला कुंचल्याचं म्हणणं पटतं. जो माणूस कागदावर चेहरा टिपून घरी नेत नाही त्याला समोर जिवंत माणूस बसलेला लागतोच. सोळा माणसांना एकेक करून समोर बसवायचं आणि तेही दुसऱ्या गावात, म्हणजे महिनोन् महिने गेले.

निळीशाई

मी थोडा विरोधी सूर लावतो. पद्धत बिद्धत ठीक आहे पण मला यात सरळ पैशाचा प्रश्न दिसतो. सोळा गुणिले ६६ म्हणजे १०५६ गिल्डर. रक्कम चांगली आहे, पण हाल्सच्या घरची परिस्थिती बघा. पहिली बायको १६१५ला गेली, दुसरं लग्न १६१७ला लिस्बेट रेनियर्सशी, एकूण दहाहून जास्त मुलं. कर्जं कायम. कधी चांभाराचं देणं, कधी बेकरीवाल्याचं, कोर्टाच्या कागदांत नाव येतंच राहतं. अशा माणसानं दुसऱ्या गावात खानावळीत राहायचं, तिकडचा खर्च स्वतः सोसायचा, आणि इकडे हार्लेमला रोजची पोर्ट्रेटची गिऱ्हाइकं सोडायची, शिकाऊ पोरांची फी बुडवायची? १६३२ला अॅमस्टरडॅम-हार्लेम कालवा सुरू झाला होता, घोड्यानं ओढलेली बोट अडीच-तीन तासांत पोचवायची, म्हणजे अंतर हा मुद्दाच नव्हता. मुद्दा हा की तिकडं घालवलेला प्रत्येक दिवस त्याला घरात महाग पडत होता.

आणि कंपनीची बाजू पण बघा हो, तीन वर्षं झाली, पैसे वाढवले, चित्र नाही. मी असतो तरी नोटरीकडे गेलो असतो.

कुंचला

निळीशाई, पैशाचा मुद्दा मान्य, तो नाकारतच नाही. पण पैसाच सगळं असता तर माणशी सहा गिल्डर वाढवून मिळाल्यावर तो गेला असता. त्याच काळात, १६३३ला, त्यानं हार्लेमच्याच सेंट हेड्रियन या दुसऱ्या दलाचं चित्र पुरं करून दिलंय आणि १६३९ला सेंट जॉर्जचं. दोन्ही मोठी. तिथं तक्रार नाही, नोटरी नाही. म्हणजे मोठं काम त्याला झेपत नव्हतं असं नाही, ते गावात असेल तर झेपत होतं.

निशाणवाल्याकडं बघितलं की वाटतं, या एका माणसाशी त्याचं जमलं होतं. पूर्ण करडा पोशाख, बूट, मोजे, डगला सगळं एकाच करड्याच्या घरातलं, आणि त्या करड्यात निशाणाचा आणि शेल्याचा नारिंगी आणि निळा. व्हॅन गॉग १८८५च्या ऑक्टोबरमध्ये राइक्समुझियमला गेला तेव्हा या एका माणसापुढं खिळून उभा राहिला आणि नुसतं एवढ्यासाठी अॅमस्टरडॅमला यावं असं लिहून गेला. दुसऱ्या टोकाला कॉडेची माणसं. कॉडे वाईट चित्रकार अजिबात नाही, पण त्याचं काम लहान चित्रांचं, चौकीतले शिपाई, घरातल्या मैफिली. चेहरे नीट, गुळगुळीत, पण शेजारच्याचं कुणाला काही देणंघेणं नाही.

नहरकाठ

कुंचला यांचा लेख वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. आमच्या छत्रपती संभाजीनगरचा या हाल्सशी एक खरा संबंध आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे.

हाल्सनं १६३३च्या सुमारास पीटर फान डेन ब्रूक नावाच्या माणसाचं चित्र काढलं. हा पण मूळचा अँटवर्पचाच, १५८५चा जन्म, आणि डच ईस्ट इंडिया कंपनीचा बडा अधिकारी. १६१७ साली सुरतेच्या किनाऱ्याजवळ याच्या ताफ्यातली जहाजं फुटली. तेव्हा माणसं बरोबर घेऊन हा गडी सुरतेकडून जमिनीवरून थेट मच्छलीपट्टणपर्यंत दख्खन ओलांडून गेला. आणि वाटेत भेटला कोणाला? मलिक अंबरला! ज्यानं खडकी वसवली, ज्याच्या नहरीचं पाणी आमच्या गावानं पिढ्यान् पिढ्या प्यालं, ज्याच्या बाजूनं १६२४ला भातवडीला शहाजीराजे लढले, तो मलिक अंबर. ब्रूकनं डायरीत त्याचं वर्णन केलंय, उंच, दणकट, रोमन माणसासारखा करारी चेहरा, डोळे मात्र त्याला शोभत नाहीत असं. लोक त्याला मानतात, राज्य नीट चालवतो, हेही लिहिलंय. मलिक अंबरला स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहिलेला असा मजकूर किती थोडा आहे!

पुढं ब्रूक सुरतेला डच वखारीचा मुख्य झाला. १६३०ला ताफा घेऊन परत गेला तेव्हा कंपनीनं त्याला १२०० गिल्डरची सोन्याची साखळी दिली. हाल्सच्या चित्रात तीच साखळी अंगावर आहे. म्हणजे मलिक अंबरकडं ज्या डोळ्यांनी बघितलं ते डोळे हाल्सनं रंगवलेत, हे मला फार मोठं वाटतं.

आणि त्याआधी काही वर्षं इकडं मलिक अंबरचंही चित्र निघालंय. मुघल दरबारच्या हाशिम या चित्रकाराचं, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. पांढरा जामा, तलवार, चेहरा बाजूनं. शत्रूच्या दरबारातल्या चित्रकारानं काढलेला सेनापती आणि तरी त्यात कुठं कमीपणा नाही. जहांगीरनं अंबरचं डोकं भाल्यावर लावून त्यावर बाण मारतोय असं चित्र काढून घेतलं होतं, ते वेगळं. ती नुसती मनातली इच्छा, अंबर कधी त्याच्या हाती लागलाच नाही.

हॅम्पस्टेडची पायवाट

नहरकाठ, अंगावर काटा आला वाचून. मी उत्तर लंडनमध्ये राहते आणि ते ब्रूकचं चित्र माझ्या घराच्या जवळ केनवूड हाऊसमध्ये आहे, तिकीट पण नाही, फिरायला जाता जाता बघता येतं. तो सुरतेला होता एवढं तिथं वाचलं होतं, मलिक अंबरचं पहिल्यांदाच कळतंय.

चित्र सांगते. केस विस्कटलेले, वाऱ्यानं उडाल्यासारखे, आणि ते बसवायची तसदी कुणी घेतलेली नाही. चेहरा उन्हानं रापलेला, लालसर, डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या, हसायच्या बेतात आहे. हात काठीवर, तो हात पण लाल, जाडजूड, काम केलेला. काळा झकपक पोशाख आणि त्यावर ती सोन्याची साखळी, पण साखळी बघायला जवळ गेलं तर पिवळ्या रंगाचे तुटक फटकारे. तिथंच रेम्ब्रांटचं म्हातारपणचं स्वतःचं चित्र आहे, सगळी गर्दी तिकडं. मी आधी ब्रूकला भेटते.

एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याला हाल्सनं असं केस न विंचरता रंगवलं आणि त्यानं चालवून घेतलं, यातच दोघांचं काहीतरी जुळलं असणार. हेच चित्र बघून आद्रियान माथामनं त्याचं एन्ग्रेव्हिंग, म्हणजे छापण्यासाठी धातूवर कोरलेलं चित्र, केलं, ते १६३४ला ब्रूकच्या प्रवासाच्या पुस्तकात छापलं. आणि हा माथाम कोण? हाल्सच्या १६२७च्या सेंट हेड्रियन चित्रातला एक निशाणवाला!

कुंचला

नहरकाठ, पायवाट, या दोन प्रतिसादांनी धाग्याचं सोनं केलं. ब्रूक पुढं १६४०ला मलाक्काच्या वेढ्यात गेला, म्हणजे या सगळ्या मंडळींत प्रत्यक्ष मोहिमेवर मेलेला तोच. आणि साखळीची किंमत बघा, १२०० गिल्डर. सोळा माणसांच्या अख्ख्या चित्रासाठी हाल्सला त्याहून कमी मिळणार होते.

पिवळी शेवंती

मला आता गोडी लागली. तो प्रसिद्ध लाफिंग कॅव्हेलिअर, म्हणजे हसरा घोडेस्वार, पण यांचाच ना? तो तर नक्की सैन्यातला असेल, नावच तसं आहे.

हार्लेमकर

त्यांचाच, पण सैन्यातला असल्याचा काही पुरावा नाही. चित्रावर १६२४ साल आणि वय २६ एवढंच लिहिलंय. हार्लेमचा कापडव्यापारी टिलेमन रोस्टरमन असावा असा एक अंदाज आहे. कमरेला तलवार आहे, पण तेव्हा श्रीमंत तरुण पोर्ट्रेटला तलवार लावायचेच. ते नाव एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पडलं. बाहीवरचं भरतकाम बघा, मधमाश्या, बाण, ज्वाळा, प्रेमाच्या खुणा सगळ्या, बहुतेक सोयरिकीच्या वेळचं चित्र. १८६५ला पॅरिसच्या लिलावात लॉर्ड हर्टफर्डनं रॉथशिल्डवर बोली चढवून ५१,००० फ्रँकला घेतलं आणि तिथून हाल्सचा भाव पुन्हा वर गेला, नाहीतर आधीची शंभरेक वर्षं त्याला कुणी फारसं विचारत नव्हतं.

सांजवेळ

हाल्सच्या चित्रांच्या किमतीबद्दल बोलताय तर युडिथ लेस्टरचं नाव यायलाच हवं. हार्लेमच्या गिल्डमध्ये १६३३ला दाखल झालेली बाई, स्वतःचा स्टुडिओ, स्वतःचे शिकाऊ. तिची चित्रं दोनशे वर्षं हाल्सची म्हणून विकली गेली. १८९३ला होफस्टेडे द ग्रोट या कला-अभ्यासकानं हाल्सच्या म्हणून गाजलेल्या एका चित्रावर तिची सही ओळखली, जे आणि एल आणि पुढं एक चांदणी. १६३५ला तिनं हाल्सविरुद्ध तक्रारही केली होती, तिचा शिकाऊ पोरगा तिला न विचारता त्याच्याकडे गेला आणि यानं ठेवून घेतला म्हणून. फी वसूल केली तिनं! हाल्सचं मोठेपण मला मान्य आहे, पण त्याच्या नावाखाली एवढी चांगली चित्रकार बुजली होती ही गोष्ट प्रत्येक वेळी सांगितली गेलीच पाहिजे.

निळीशाई

सांजवेळ, पूर्ण सहमत.

आता शेवटच्या वर्षांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, कारण करिअरची खरी कथा तिथं आहे. १६४०नंतर श्रीमंतांची आवड बदलली, फान डाइकसारखं गुळगुळीत, नाजूक, दरबारी काम हवं झालं. दलांनी मोठी चित्रं काढून घेणंही जवळपास थांबलं, १६४८ला स्पेनशी तहच झाला. हाल्सचा हात मात्र उलट दिशेला, आणखी मोकळा, आणखी कमी रंगांत. १६५४ला एका बेकरीवाल्यानं २०० गिल्डरच्या देण्यापायी त्याच्या घरातलं सामान ताब्यात घेतलं, गाद्या, उशा, एक कपाट, एक टेबल आणि पाच चित्रं. १६६२ला ऐंशीच्या घरातल्या या माणसानं नगरपालिकेकडे मदत मागितली. मिळाली. १६६४पासून वर्षाला २०० गिल्डर आणि जळणासाठी पीटच्या तीन गाड्या.

आणि त्याच १६६४च्या सुमारास त्यानं वृद्धाश्रमाच्या विश्वस्तांची ती दोन चित्रं केली, एक पुरुषांचं, एक बायकांचं. एका विश्वस्ताची टोपी तिरकी आणि नजर सुटलेली आहे म्हणून लोक म्हणायचे हाल्सनं सूड घेतला, त्याला दारुडा दाखवला. मला हे अजिबात पटत नाही. त्याला मदत दिली ती पालिकेनं, या विश्वस्तांनी नाही, आणि तो त्या आश्रमात कधी राहिलाही नाही. टोपी तशी घालायची तेव्हा फॅशनच होती. विश्वस्तांनी ती चित्रं घेतली, भिंतीवर लावली. अपमान असता तर लावली असती का?

जुनाट लेन्स

बायकांच्या चित्रातले हात बघा. गुडघ्यावर, टेबलावर, पंख्यावर ठेवलेले म्हातारे हात, काळा, पांढरा, करडा आणि थोडासा गेरू एवढ्यावर सगळं. ऐंशी वर्षांच्या माणसाचा हात थरथरत असेलही, पण कुठं किती रंग ठेवायचा हे चुकलेलं नाही. १६१६च्या अधिकाऱ्यांचे शेले आणि हे हात शेजारी ठेवून बघितले की पन्नास वर्षांत त्यानं काय काय टाकून दिलं ते दिसतं.

हार्लेमकर

आणि ती दोन्ही चित्रं आज जिथं आहेत ती इमारत तोच जुना वृद्धाश्रम, १९१३पासून फ्रान्स हाल्स म्युझियम. पाच दलांची चित्रं पण तिथंच. कुणी अॅमस्टरडॅमला येणार असेल तर स्टेशनवरून ट्रेननं पंधरा-वीस मिनिटं, पुढं चालत जाता येतं. हाल्सला ज्या चर्चमध्ये १६६६ला पुरलं ते सेंट बाव्हो बाजार चौकातच आहे, आधी ते बघा.

पिवळी शेवंती

यायचा योग कधी येईल कोण जाणे. घरबसल्या मोठं करून बघता येतं का कुठं? फोनवर त्या निशाणवाल्याचा बूटसुद्धा नीट दिसत नाहीये.

कुंचला

शेवंतीताई, राइक्समुझियमच्या साइटवर रोडकी कंपनी मोठ्या रिझोल्यूशनला फुकट आहे, डाउनलोड पण करता येतं. लॅपटॉपवर बघा. डावीकडून सुरू करा, आधी निशाणवाल्याची नारिंगी फीत, मग कॅप्टन रेआल, आणि तिथून हळूहळू उजवीकडे सरका. कुठल्या माणसापासून कॉडे सुरू होतो असं तुम्हाला वाटतं ते इथं लिहा. बाकीच्यांनीही लिहा, आधी कुणाचं वाचू नका, मग ताडून बघू.